मॅक्सवेलचा काल्पनिक द्रव

जेम्स क्लार्क मॅक्सवेल म्हटलं की बहुतेकांना त्याची विद्युतचुंबकीय समीकरणं आठवतात. मला त्याच्याकडे पुन्हा पुन्हा नेतो तो त्या समीकरणांच्या आधीचा एक लेख. नाव ‘फॅरडेच्या बलरेषांविषयी’. केंब्रिजच्या तत्त्वज्ञान मंडळापुढे तो दोन बैठकांत वाचला गेला, १० डिसेंबर १८५५ ला आणि ११ फेब्रुवारी १८५६ ला. लिहिणारा चोवीस वर्षांचा होता. या लेखात एकाही नव्या प्रयोगाची माहिती नाही, निसर्गाचा नवा नियम सांगितल्याचा दावाही नाही. दोन अगदी वेगळ्या गोष्टींचं रूप एक असतं तेव्हा त्या एकपणाला किती किंमत द्यायची, हा या लेखाचा खरा विषय आहे. विज्ञानात या प्रश्नाचा इतका सूक्ष्म आणि इतका सुंदर विचार दुसऱ्या कुणी केल्याचं माझ्या वाचनात नाही. म्हणून कवितेचं करावं तसं या लेखाचं रसग्रहण करावंसं वाटतं.

आधी त्या वेळची परिस्थिती. विजेबद्दल आणि चुंबकाबद्दल तेव्हा दोन घराणी होती. एक गणितींचं. कूलॉमच्या मोजमापांपासून निघालेलं आणि फ्रेंच गणितींनी वाढवलेलं. त्यांच्या मते एक प्रभार दुसऱ्याला दुरून, मधली जागा ओलांडून ओढतो किंवा ढकलतो. अंतर दुप्पट झालं की बल चौथाई होतं. मध्ये काय आहे, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. दुसरं घराणं एकट्या मायकेल फॅरडेचं. लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला आणि गणित जवळजवळ न येणारा हा माणूस प्रयोगांत मात्र अद्वितीय होता. चुंबकाभोवती लोखंडाचा कीस ज्या वक्र रेषांत मांडला जातो, त्या रेषाच त्याला खऱ्या वाटत. सगळं काही या मधल्या जागेतच घडतं, असं तो म्हणे. गणितींना त्याचे प्रयोग मान्य होते. त्याच्या रेषा ही मात्र गणित न येणाऱ्या माणसानं करून घेतलेली सोय आहे, असं त्यांना वाटे.

मॅक्सवेलनं फॅरडे आधी वाचला आणि गणितींचे सिद्धांत नंतर. हा क्रम त्यानं ठरवून पाळला होता.

लेखाची सुरुवात एका पेचानं होते. विजेबद्दलची माहिती इतकी विखुरलेली आहे की ती मनात धरून ठेवता येत नाही. ती आटोपशीर करायची तर दोन वाटा दिसतात. एक वाट शुद्ध सूत्राची. ती घेतली की हिशोब होतो, पण ज्या गोष्टीचा हिशोब चालला आहे तीच नजरेआड होते. दुसरी वाट गृहीतकाची. म्हणजे वीज ही अमुक एक वस्तू आहे असं मानून चालायचं. ती घेतली की चित्र डोळ्यांपुढे येतं, पण मग आपण प्रत्येक गोष्ट त्या चित्रातूनच पाहू लागतो आणि जे त्यात बसत नाही ते दिसेनासं होतं. मॅक्सवेल तिसरी वाट सुचवतो. एका शास्त्रातले नियम आणि दुसऱ्या शास्त्रातले नियम यांच्यात अंशतः सारखेपणा असेल, तर त्यातलं प्रत्येक शास्त्र दुसऱ्यावर उजेड टाकू शकतं. या नात्याला तो भौतिक सादृश्य म्हणतो.

या व्याख्येतलं ‘अंशतः’ मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. सादृश्याच्या प्रेमात पडलेला माणूस ते कधी आपणहून लिहीत नाही. मॅक्सवेल ते व्याख्येतच घालतो. सारखेपणा जिथं संपतो ती सीमा त्यानं पहिल्याच पावलाला आखून घेतली आहे.

मग तो उदाहरणांकडे वळतो. त्यातलं एक विल्यम थॉमसनचं, म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन झालेल्या शास्त्रज्ञाचं. थॉमसननं १८४२ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, एक निबंध छापला होता. घन पदार्थातून स्थिर गतीनं वाहणारी उष्णता आणि विजेचं आकर्षण यांचं गणित एकच आहे, असं त्यानं त्यात दाखवलं. मॅक्सवेल या गोष्टीवर जी दोन-चार वाक्यं लिहितो, ती मी अनेकदा वाचली आहेत. उष्णतेच्या शास्त्रात तापमान असतं, उष्णतेचा प्रवाह असतो, वाहकता असते. बल ही कल्पना तिथं परकी. तरीही आकर्षणकेंद्राच्या जागी उष्णतेचा उगम घाला, आकर्षणाच्या जागी उष्णतेचा प्रवाह घाला, विभवाच्या (पोटेन्शियलच्या) जागी तापमान घाला, की आकर्षणाच्या प्रश्नाचं उत्तर जसंच्या तसं उष्णतेच्या प्रश्नाचं उत्तर होतं. तीन शब्दांचा कोश, आणि एका शास्त्राची सगळी मिळकत दुसऱ्याच्या नावावर.

हा कोश वापरून पाहिला की त्याची ताकद कळते. धातूचा एक गोळा सर्व बाजूंनी दूरवर पसरलेल्या एकसारख्या माध्यमात पुरला आहे आणि तो ठरावीक तापमानावर राखला आहे, असं समजा. त्यातून बाहेर जाणारी उष्णता कशावर अवलंबून असेल? सहज मनात येतं की पृष्ठफळावर. गोळा दुप्पट मोठा केला तर उष्णता चौपट जाईल. प्रत्यक्षात ती दुप्पटच जाते, कारण ती त्रिज्येच्या प्रमाणात असते. आता कोशात पाहा. ठरावीक विभवावर ठेवलेल्या गोळ्यावर किती प्रभार मावतो, हे विजेच्या अभ्यासकांना ठाऊकच होतं. तोही त्रिज्येच्याच प्रमाणात असतो. एकानं काढलेलं उत्तर दुसऱ्याला आयतं मिळालं. भट्टीजवळ काम करणाऱ्याला विद्युतशास्त्र न शिकता त्याचं फळ मिळालं, आणि त्यात कुठंही अंदाजपंचे नाही.

थॉमसनच्या कोशातली सर्वांत धक्कादायक गोष्ट मॅक्सवेल यानंतर सांगतो. उष्णता शेजारच्या कणाकडून शेजारच्या कणाकडे जाते. आकर्षण हे दूरच्या दोन वस्तूंमधलं नातं मानलं जातं. म्हणजे जगाच्या स्वरूपाबद्दलच्या या दोन पूर्ण विरोधी कल्पना झाल्या. तरी आपल्या हाती फक्त सूत्रं दिली, तर कुठलं सूत्र कशाचं हे सांगता येणार नाही. गणितींचं घराणं ज्या सूत्राच्या जोरावर फॅरडेला बाजूला सारत होतं, तेच सूत्र फॅरडेच्या बाजूनंही तितकीच साक्ष देतं, एवढं तीन ओळींत सिद्ध होतं. सूत्र दोन्ही पक्षांचं असेल तर ते कुणाच्याच पक्षाचं नाही. आपल्याला जे ठाम ठाऊक आहे असं वाटतं, त्यातलं किती सूत्रानं सांगितलं आणि किती आपणच भरलं, हे रूपसाम्य असं लख्ख दाखवतं.

आता त्या द्रवाकडे येऊ. मॅक्सवेल एक द्रव कल्पितो. तो दाबला जात नाही. त्याला जडत्व नाही, म्हणजे ढकलणारं बल थांबलं की तोही तत्क्षणी थांबतो. तो अशा माध्यमातून वाहतो जे त्याला वेगाच्या प्रमाणात विरोध करतं. काही ठिकाणी तो उगम पावतो, काही ठिकाणी नाहीसा होतो. असा द्रव जगात कुठंही नाही, हे त्याला माहीत आहे आणि तो ते लपवत नाही. विजेचा उलगडा करण्यासाठी आणलेलं हे गृहीतकसुद्धा नाही, असं तो स्पष्ट सांगतो. काही काल्पनिक गुणधर्मांचा हा संच आहे, आणि गणितातली काही प्रमेयं चिन्हांपेक्षा चित्रांनी समजून घेणाऱ्यांसाठी तो आणला आहे.

या निव्वळ कल्पनेतून काय निघतं ते पाहा. एका बिंदूतून द्रव सगळीकडे सारखा वाहतो आहे. त्या बिंदूभोवती एक गोल पृष्ठभाग मनात धरा आणि दुप्पट त्रिज्येचा दुसरा. द्रव दाबला जात नाही, म्हणून जेवढा पहिल्या गोलातून बाहेर पडतो तेवढाच दुसऱ्यातून पडायला हवा. दुसऱ्याचं पृष्ठफळ चौपट आहे, म्हणून तिथं वेग चौथाई. झाला व्यस्त वर्गाचा नियम. त्यात कुणी कुणाला दुरून ओढलेलं नाही. एकसारख्या पसरण्याचा आणि तीन मितींच्या अवकाशाचा तो साधा परिणाम आहे. हा युक्तिवाद मी पहिल्यांदा समजून घेतला तेव्हाचा आनंद अजून तसाच आहे. कूलॉमनं तराजूच्या पिळानं मोजलेला नियम इथं घडीव भूमितीतून आपोआप उमलतो.

फॅरडेच्या रेषेचंही इथं मोठं भाग्य उजळतं. रेषा दिशा दाखवते, पण बल किती हे सांगत नाही. मॅक्सवेल रेषेच्या जागी बारीक नळी घेतो. नळी जिथं अरुंद होते तिथं द्रवाचा वेग वाढतो, जिथं रुंदावते तिथं कमी होतो. दिशा आणि मात्रा दोन्ही एका चित्रात आल्या. निरनिराळ्या निरोधक पदार्थांतून विजेचा परिणाम कमी-जास्त होतो, हे फॅरडेनं प्रयोगानं दाखवलं होतं. द्रवाच्या भाषेत याचा अर्थ एवढाच की माध्यमाचा विरोध जागोजागी वेगळा आहे. ज्या कल्पनेला गणितींनी सोय म्हणून सोडून दिलं होतं, तिच्यात गणिताइतकाच काटेकोरपणा मावतो हे या पानांनी दाखवून दिलं.

पण या कोशातल्या काही जागा रिकाम्या आहेत, आणि रसिकानं त्यांच्याकडेही पाहिलं पाहिजे. उष्णतेचा उगम सतत पेटता ठेवावा लागतो, नाहीतर सगळं थंड होतं. प्रभार मात्र काही न खाता-पिता गोळ्यावर वर्षानुवर्षं बसून राहू शकतो. द्रव वाहतो, विरोधाशी झगडतो, त्यात सतत काम खर्ची पडतं. स्थिर विजेत काहीच वाहत नाही आणि काहीच खर्च होत नाही. म्हणजे ‘प्रवाह’ या शब्दासमोर विजेच्या बाजूला जे लिहिलं आहे, त्याला प्रवाहाचा आकार आहे पण प्रवाहाचा प्राण नाही. ही तफावत मॅक्सवेलला नेमकी कळत होती. लेखाच्या दुसऱ्या भागात फॅरडेच्या आणखी एका कल्पनेला गणिताचं रूप देताना तो लिहितो की यात खऱ्या भौतिक सिद्धांताची सावलीसुद्धा नाही. संशोधनाचं तात्पुरतं हत्यार म्हणून त्याचा मोठा गुण हाच, की ते कशाचाही उलगडा केल्याचा आवसुद्धा आणत नाही. चोवीस वर्षांच्या माणसाकडे हा संयम कुठून आला असेल!

मॅक्सवेलनं हा लेख फॅरडेला पाठवला. मार्च १८५७ मध्ये फॅरडेनं उत्तर लिहिलं. आपल्या विषयावर गणिताचा एवढा भार टाकलेला पाहून आधी भीतीच वाटली, आणि मग विषयानं तो किती छान पेलला याचं आश्चर्य वाटलं, असा त्याचा भाव आहे. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरातल्या पत्रात त्यानं एक विनंती केली. गणितींनी आपले निष्कर्ष काढून झाल्यावर ते सूत्रांइतक्याच पूर्णपणे साध्या भाषेतही सांगावेत, म्हणजे आमच्यासारख्यांना त्यावर प्रयोग करता येतील. त्या विनंतीचा मान राखणारं गणित आजही फार थोडं लिहिलं जातं.

फेब्रुवारी १८५६ मध्ये, म्हणजे लेखाचा दुसरा भाग वाचला गेला त्याच महिन्यात, मॅक्सवेलनं केंब्रिजमधल्या आपल्या मित्रमंडळापुढे आणखी एक छोटा निबंध वाचला. निसर्गात खरीखुरी सादृश्यं असतात का, हा त्याचा प्रश्न. तिथं तो म्हणतो की श्लेषात एका शब्दाखाली दोन अर्थ दडलेले असतात, आणि सादृश्यात दोन शब्दांखाली एकच सत्य सापडतं. अलंकारशास्त्र शाळेत शिकलेल्या मराठी वाचकाला ही कल्पना लगेच आपली वाटावी. उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साम्यवाचक शब्द ही उपमेची चार अंगं आपण घोकलेली असतात. कवीच्या उपमेत उपमेय महत्त्वाचं, उपमान त्याच्या सेवेला. मुखाला चंद्राची उपमा दिली तरी कवीला सांगायचं असतं ते मुखाबद्दल. चंद्राबद्दल आपल्याला त्यातून काही नवं कळत नाही. मॅक्सवेलच्या सादृश्यात उपमेय आणि उपमान जागा बदलू शकतात. उष्णतेनं वीज समजते आणि विजेनं उष्णता. दोघांपेक्षा मोठा ठरतो तो साधारण धर्म. त्याला स्वतःचं घर मिळतं, स्वतःची प्रमेयं मिळतात. उपमेतला साधारण धर्म असा स्वतंत्र उभा राहिला की त्यातून गणित जन्माला येतं, असं मला वाटतं.

गणितानं या स्वातंत्र्याला पुढे कडक नियम लावले. आर्थर केलीनं १८५४ साली गटाची, म्हणजे ‘ग्रुप’ची, कल्पना घटकांच्या स्वभावापासून सोडवून त्यांच्या गुणाकाराच्या कोष्टकावर आणली. कामिय जॉर्दांच्या १८७० च्या ग्रंथात दोन गटांचं रूपसाम्य ही रीतसर संकल्पना झाली. नियम थोडक्यात असा. इकडच्या प्रत्येक घटकाला तिकडचा एकच जोडीदार, तिकडच्या प्रत्येकाला इकडचा एकच, आणि इकडची नाती तिकडे जशीच्या तशी.

हे हातानं करून पाहण्याजोगं एक उदाहरण आहे. दोघांनी खेळायचं. एक ते नऊ आकडे समोर लिहायचे आणि आळीपाळीनं एकेक आकडा उचलायचा. ज्याच्याजवळ बेरीज पंधरा होणारे तीन आकडे आधी जमतील तो जिंकला. खेळून पाहा, डोकं शिणतं. आता तीन ओळींचा चौकोन काढा. पहिल्या ओळीत २, ७, ६. दुसरीत ९, ५, १. तिसरीत ४, ३, ८. कुठलीही आडवी, उभी किंवा तिरकी ओळ घ्या, बेरीज पंधराच. उलटही खरं. एक ते नऊमधल्या तीन वेगळ्या आकड्यांची बेरीज पंधरा होण्याचे आठच प्रकार आहेत आणि चौकोनातल्या ओळीही आठच. म्हणजे तुम्ही मघापासून जो खेळत होता, तो शाळेतल्या वहीच्या शेवटच्या पानावरचा फुल्ली-गोळा होता. एकात बेरजा आहेत, दुसऱ्यात रेघा. तरी पहिल्यातली प्रत्येक खेळी ही दुसऱ्यातली खेळी आहे. फुल्ली-गोळ्यात दोघंही नीट खेळले तर डाव बरोबरीत सुटतो, हे प्रत्येक मुलाला माहीत असतं. तेवढ्या माहितीवर पंधराच्या खेळाबद्दलचं प्रमेय हाती आलं. इथं ‘आठच’ या शब्दावर सगळा भार आहे. पंधराची नववी एखादी जुळणी चौकोनाबाहेर राहिली असती, तर हा कोश खोटा ठरला असता.

लॉगरिदमचंही तेच. नेपिअरचं पुस्तक १६१४ सालचं. गुणाकाराच्या जगातून बेरजेच्या जगात नेणारा तो कोश आहे. धन संख्यांचा गुणाकार पलीकडे बेरीज होतो, भागाकार वजाबाकी होतो, वर्गमूळ म्हणजे निम्मं. मराठी मुलांनी अकरावी-बारावीला वापरलेलं लॉग टेबलचं पुस्तक म्हणजे अक्षरशः हा छापील कोश. त्याचीही एक बाजू कोरी आहे. दोन संख्यांच्या बेरजेचा लॉग काढायचा म्हटलं तर कोश मदत करत नाही. एक नातं पार जातं, दुसरं अलीकडच्या काठावरच राहतं.

विज्ञानात एकच रूप किती लांबचा प्रवास करतं, याचा त्या शतकातला आलेख विलक्षण आहे. फूरिएनं १८२२ साली उष्णतेच्या वहनाचा सिद्धांत मांडला. तापमानाचा उतार जितका तीव्र तितका प्रवाह जास्त. ओमनं १८२७ साली तोच साचा तारेतल्या विजेला लावला. अडॉल्फ फिकनं १८५५ साली तोच साचा द्रावणात पसरणाऱ्या क्षाराला लावला, आणि लावताना फूरिए आणि ओम यांची नावं घेऊन लावला. १८५६ साली आंरी डार्सीनं फ्रान्समधल्या दिझों शहराच्या पाणीपुरवठ्यावर ग्रंथ लिहिला. त्यात वाळूतून झिरपणाऱ्या पाण्याचा नियम आहे, आणि त्याचं रूपही हेच. मॅक्सवेल ज्या वर्षी विरोधी माध्यमातून वाहणारा द्रव कल्पत होता, त्याच वर्षी डार्सी वाळूच्या नळकांड्यातून खरं पाणी सोडून मोजत होता. संगणक येण्याआधी धरणाखालून किती पाणी झिरपेल हे शोधायला अभियंते वीजवाहक कागदावर धरणाचा छेद काढत आणि विभव मोजत. कागदावर पाण्याचा थेंब नसे, आणि तरी उत्तर पाण्याचं मिळे.

हे असं का व्हावं? रिचर्ड फाइनमनच्या भौतिकीच्या व्याख्यानांच्या दुसऱ्या खंडात यावर एक अख्खं प्रकरण आहे. उष्णता, ताणलेलं पटल, न्यूट्रॉनांचं पसरणं, द्रवाचा प्रवाह, अगदी दिव्यांचा प्रकाश, या सगळ्यांना तो स्थिर विजेचं समीकरण लावून दाखवतो आणि मग स्वतःच विचारतो की याचं कारण काय. त्याचं उत्तर सावध आहे. या सगळ्यांत समान आहे ते अवकाश. राशी अवकाशात हळूहळू बदलत असतील आणि कुठलीही दिशा लाडकी नसेल, तर असंच समीकरण निघणार. पण त्यातली कित्येक समीकरणं अंदाजी आहेत. न्यूट्रॉन फार बारकाईनं पाहिले तर ते सलग पसरत नाहीत, टकरा खात धावतात. लांबून पाहिलं म्हणून रूप एक दिसलं. मग विजेचं समीकरणसुद्धा असंच लांबून पाहिलेलं असेल का, असंही तो विचारतो. रूपसाम्याचं यश हे आपण किती लांब उभे आहोत याची खूण असू शकतं, हा विचार मला फाइनमनचा मॅक्सवेलच्या ‘अंशतः’वरचा सर्वांत मोलाचा भाष्यविस्तार वाटतो.

म्हणूनच रूपसाम्याचा हलगर्जी वापर मला खटकतो. शेअरच्या पर्यायांची (ऑप्शन्सची) किंमत ठरवणारं ब्लॅक आणि शोल्स यांचं १९७३ चं समीकरण चलं बदलून लिहिलं की उष्णतेचंच समीकरण होतं. सुंदर गोष्ट आहे. पण ते किमतीच्या सलग, उडी न मारणाऱ्या हालचालीवर उभं आहे, आणि बाजार उड्या मारतो. उष्णतेचा कोश उचलताना त्याची कोरी पानंही उचलावी लागतात. समाज म्हणजे वायू आणि माणसं म्हणजे रेणू, अशा धर्तीच्या लेखनात तर बहुतेकदा कोशच नसतो. नुसती उपमा असते, आणि तिच्यावर सूत्राचा शिक्का मारलेला असतो.

रूपसाम्य कुठं संपतं हे काळजीपूर्वक पाहण्याचं एक थोर उदाहरण स्फटिकांच्या शास्त्रात घडलं. मित्शर्लिखनं १८१९ साली बर्लिनमध्ये पाहिलं की फॉस्फेट आणि आर्सेनेट क्षारांचे स्फटिक एकाच घडणीचे असतात. त्या रूपसाम्यावरून अणुभारांचे हिशोब सुधारता आले. त्याच मित्शर्लिखनं १८४४ साली टार्टारिक आम्लाच्या एका क्षाराचे दोन प्रकार सर्व बाबतींत सारखे असल्याचं जाहीर केलं. घटक तेच, स्फटिक तेच. फरक एवढाच की एकाचं द्रावण प्रकाशाचं ध्रुवणप्रतल फिरवतं, दुसऱ्याचं नाही. पंचविशीतल्या लुई पाश्चरला ते पटेना. १८४८ साली त्यानं न फिरवणाऱ्या क्षाराचे स्फटिक एकेक करून पाहिले. त्यात दोन जाती निघाल्या, एकमेकांची आरशातली प्रतिमा असलेल्या. वेगळ्या करून विरघळवल्यावर एक प्रकाशाला उजवीकडे फिरवी, दुसरी डावीकडे. रेणूंच्या त्रिमितीय रचनेचं रसायनशास्त्र तिथून सुरू झालं.

आता पुन्हा मॅक्सवेल. १८५६ च्या लेखात थॉमसनच्या उदाहरणाबरोबर त्यानं प्रकाशाचंही एक उदाहरण दिलं होतं. प्रकाश आणि लवचीक माध्यमातली कंपनं यांचं सादृश्य फार दूरवर जातं, फार फलदायी आहे, पण तेसुद्धा केवळ नियमांच्या रूपातल्या साम्यावर उभं आहे हे विसरू नका, असं तो बजावतो. लगेच तो हेही सांगतो की कंपनांचा भौतिक पोशाख उतरवून टाकला तर जे उरेल ते निरीक्षणाशी तंतोतंत जुळेल, पण कल्पनेचा जिवंतपणा आणि फलदायीपणा बहुधा हरवेल. पोशाखावर विश्वास ठेवायचा नाही आणि तो फेकूनही द्यायचा नाही, अशी ही दुहेरी शिस्त आहे.

पाच-सहा वर्षांनी, १८६१-६२ मध्ये, त्यानं बलरेषांवर दुसरा लेख लिहिला. यात काल्पनिक द्रवाच्या जागी भोवऱ्यांनी भरलेलं एक लवचीक माध्यम होतं. त्या माध्यमात उठणाऱ्या आडव्या लहरींचा वेग त्यानं काढला. आकडे आले ते वेबर आणि कोलराउश यांनी केलेल्या निव्वळ विजेच्या मोजमापांतून. प्रकाशाशी त्यांचा काही संबंध नव्हता. उत्तर निघालं सेकंदाला ३,१०,७४० किलोमीटर. फिझोनं प्रत्यक्ष प्रकाशाचा मोजलेला वेग त्यानं शेजारी मांडला: ३,१४,८५८ किलोमीटर. आणि तेव्हा, इतकी वर्षं सादृश्याला सादृश्यच म्हणणाऱ्या या माणसानं पहिल्यांदा म्हटलं की ही दोन वेगळी माध्यमं नसून प्रकाश म्हणजे त्याच माध्यमाचं कंपन आहे.

उष्णता आणि वीज यांचं रूप एक होतं, पण मॅक्सवेलनं त्यांना कधी एक म्हटलं नाही, आणि ती एक नाहीतच. प्रकाश आणि विद्युतचुंबकीय लहर यांचं रूप एक होतं आणि शिवाय मोजलेला आकडाही जुळला, तेव्हा त्यानं त्यांना एक म्हटलं, आणि ती एकच आहेत. १८६५ च्या लेखात भोवरे गेले आणि समीकरणं राहिली. हाइनरिख हर्ट्झनं १८८७-८८ मध्ये प्रयोगशाळेत त्या लहरी निर्माण केल्या. तोवर मॅक्सवेलला जाऊन आठ वर्षं झाली होती.

१८५६ चा लेख आज मुक्त आहे, इंटरनेटवर कुणालाही वाचता येतो. त्याच्या प्रस्तावनेची पानं थोडी आहेत आणि त्यांत एकही समीकरण नाही. गणिताच्या धास्तीनं विज्ञानापासून दूर राहिलेल्या वाचकानं ती जरूर वाचावीत, आणि भौतिकी शिकवणाऱ्यांनी समीकरणं फळ्यावर मांडण्याआधी ती वर्गात मोठ्यानं वाचून दाखवावीत.